भोसरीच्या शेडमधून तालुक्याच्या काउंटरपर्यंत: धंद्यासाठी लाइव्ह कसं करायचं

आमच्या कंपनीत ठिबकचे फिल्टर आणि व्हॉल्व्ह बनतात. कारखाना भोसरीत, डीलर मात्र नारायणगाव, बारामती, इंदापूर, सांगोला, पंढरपूर असे लांबलांब. पूर्वी वर्षातून एकदा सगळ्यांना पुण्याला बोलवायचो. दुकान बंद ठेवून यायला अनेकांना जमायचं नाही, आणि जे यायचे त्यांनाही परतीच्या एसटीची घाई. आता तो मेळावा आहेच, पण त्याशिवाय दर महिन्याला पाऊण तासाचं लाइव्ह करतो. नवा माल, बदललेला भाग, तक्रारींची उत्तरं, सगळं त्यात येतं.

पहिलं लाइव्ह जुलैत केलं. शेडला पत्रा. अकराला सुरू केलं आणि दहाच मिनिटांत सर कोसळली. आमचे डिझाइनचे साहेब समोर मन लावून बोलत होते, लॅपटॉपवर चित्र छान दिसत होतं, म्हणून कोणाला काही कळलं नाही. कॉमेंट बघायचा फोन पलीकडच्या खोलीत चार्जिंगला लावलेला. शेवटी इंदापूरच्या एका डीलरांनी ऑफिसच्या लँडलाइनवर फोन केला, "ताई, साहेब दिसतायत, पण ऐकू नुसता पाऊस येतोय." तोवर जाळी कशी धुवायची हा मुख्य भाग होऊन गेला होता. तुमच्यावर ही वेळ येऊ नये म्हणून पहिल्या पायरीपासून लिहिते आहे. लहान कारखाना, दुकान, सेवा देणारी फर्म, कोणालाही चालेल.

१. आधी ठरवा: सभा हवी की प्रक्षेपण?

पंधरा-वीस माणसं असतील आणि प्रत्येकाने बोलणं अपेक्षित असेल, तर लाइव्हच्या भानगडीत पडू नका. व्हिडिओ मीटिंग घ्या. झूमच्या फुकट खात्यात ४० मिनिटं आणि १०० जण, गूगल मीटच्या फुकट खात्यात तिघांच्या वर माणसं असतील तर ६० मिनिटं, तिथेही १०० जण. ४० मिनिटांनी सभा तुटते तेव्हा नेमका मुद्दा रंगात आलेला असतो, तेवढं ध्यानात ठेवा.

ऐकणारे जास्त आणि बोलणारे दोन-तीन असतील तर यूट्यूब लाइव्ह बरं. डीलरला वेगळं ॲप घ्यावं लागत नाही, व्हॉट्सॲपवर आलेल्या लिंकवर बोट ठेवलं की झालं. नेट कमी असलं तर चित्र आपोआप हलकं होतं. उशिरा आलेला माणूस मागे जाऊन सुरुवात पाहू शकतो.

फेसबुकवर तुमचं गिऱ्हाईक असेल तर तेही चालेल, पण तिथे खातं ६० दिवस जुनं आणि १०० फॉलोअर लागतात. शिवाय फेब्रुवारी २०२५ पासून तिथलं लाइव्हचं रेकॉर्डिंग ३० दिवसच राहतं. माहिती जपून ठेवायची असेल तर ते मुदतीच्या आत उतरवून घ्यावं लागतं.

एक वेगळी गोष्ट. कंपनीची वार्षिक सर्वसाधारण सभा ऑनलाइन घ्यायची असेल तर हा लेख त्यासाठी नाही. तिथे भागधारकाला बोलता आणि मत देता आलं पाहिजे, त्याचे कंपनी व्यवहार मंत्रालयाचे नियम आहेत. तुमच्या कंपनी सेक्रेटरींना विचारूनच पुढे जा.

२. खातं आठवडाभर आधी तयार ठेवा

यूट्यूबवर पहिल्यांदा लाइव्ह सुरू करायचं तर फोन नंबरने पडताळणी करावी लागते आणि त्यानंतर परवानगी मिळायला २४ तासांपर्यंत वेळ लागू शकतो. "उद्या करू" म्हणून आदल्या रात्री बसणारे इथेच अडकतात. थेट मोबाइलच्या ॲपमधून लाइव्ह करायचं असेल तर किमान ५० सबस्क्रायबर लागतात. लॅपटॉपवरून करायला ही अट नाही.

चॅनेल कंपनीच्या गूगल खात्यावर काढा, कोणा मुलाच्या वैयक्तिक खात्यावर नको. तो मुलगा नोकरी सोडून गेला की चॅनेल, जुने व्हिडिओ, सगळं त्याच्या हाती राहतं. पडताळणीचा नंबरही ऑफिसचाच द्या.

लाइव्हचं वेळापत्रक लावताना चार ठिकाणी चूक होते:

"लहान मुलांसाठी आहे का" या प्रश्नाला घाईत "हो" दिलं तर चॅट बंद होतं. उत्तर "नाही" हवं.

पब्लिक म्हणजे सगळ्यांना, प्रायव्हेट म्हणजे तुम्ही ज्यांचे ईमेल घातलेत त्यांनाच. अनलिस्टेड म्हणजे ज्याच्याकडे लिंक आहे त्या प्रत्येकाला. डीलरसाठी आम्ही अनलिस्टेड वापरतो, पण लिंक कुठेही पुढे जाऊ शकते हे धरूनच. दरपत्रक, मार्जिन, स्कीम यांतलं काहीही लाइव्हमध्ये दाखवत नाही. ते पत्राने किंवा फोनवर.

"ऑटो-स्टॉप" बंद ठेवा. ते चालू असेल आणि तुमचं नेट मध्येच गेलं, तर कार्यक्रम संपला असं समजून यूट्यूब लाइव्ह बंद करतं. नेट परत आलं तरी जुन्या लिंकवर बसलेली माणसं तुम्हाला परत मिळत नाहीत. बंद असेल तर त्याच लिंकवर पुन्हा जोडता येतं.

विलंबाचा पर्याय "नॉर्मल" ठेवा. अल्ट्रा-लो घेतला तर उत्तरं झटपट येतात, पण गावाकडच्या नेटवर चित्र अडखळतं.

स्ट्रीम की, म्हणजे लॅपटॉपला यूट्यूबशी जोडणारा कोड, मिळेल, ती पासवर्डसारखी जपा. तिचा स्क्रीनशॉट ग्रुपवर टाकू नका.

३. काय काय लागतं

लॅपटॉप, त्यात ओबीएस स्टुडिओ. कॅमेऱ्याचं चित्र आणि माइकचा आवाज यूट्यूबला पाठवणारं हे सॉफ्टवेअर फुकट आहे.
वेबकॅम, किंवा बऱ्या कॅमेऱ्याचा फोन आणि तो धरायला स्टँड.
कॉलरला लावायचा वायरचा माइक, आणि एक जादा.
लॅन केबल, शेडच्या लांबीपेक्षा थोडी मोठी.
दुसऱ्या कंपनीचं सिम असलेला फोन आणि यूएसबी केबल.
राउटरसाठी छोटा यूपीएस.
इयरफोन. ब्लूटूथचे नकोत, वायरचे.
कॉमेंट बघायला वेगळा फोन आणि तो फोन हातात धरून बसणारं वेगळं माणूस.
कागदपत्रांत: ज्या कामगारांचे चेहरे दिसणार त्यांची लेखी संमती, कंपनीचा लोगो, बोलणाऱ्यांची नावं शुद्ध लिहिलेली.

माइक, केबल, ॲडॉप्टर यांसाठी मी बुधवार पेठेत तपकीर गल्लीत जाते. जाताना लॅपटॉप बरोबर न्या आणि माइक दुकानातच लावून, बोलून, रेकॉर्ड करून ऐका. बऱ्याच लॅपटॉपना माइक आणि हेडफोनचं एकच भोक असतं, त्यात तीन काळ्या रेघांची पिन लागते. दोन रेघांची पिन घातली की लॅपटॉप तिला हेडफोन समजतो आणि आवाज स्वतःच्याच माइकमधून घेत राहतो. दिसायला सगळं जोडलेलं असतं, म्हणून हा दोष सापडता सापडत नाही.

दुसऱ्यांसाठी सुटे भाग बनवत असाल तर भिंतीवरची ड्रॉइंग, रॅकवरचे ग्राहकाच्या नावाचे डबे आणि पाठीमागचा फळा झाकून घ्या. ग्राहकाशी गोपनीयतेचा करार असतो आणि कॅमेरा सगळं टिपतो.

४. इंटरनेट: चढतं किती ते बघा

आपण नेटचा वेग म्हणतो तेव्हा बहुतेक वेळा उतरणारा, म्हणजे डाउनलोडचा म्हणतो. लाइव्हला अपलोड लागतं. स्पीड टेस्ट करा, तीही ज्या वाराला आणि ज्या वेळेला लाइव्ह आहे त्याच वेळेला, तीन दिवस.

मी ७२० पिक्सेल, सेकंदाला ३० फ्रेम आणि ३००० केबीपीएस ठेवते. म्हणजे सेकंदाला ३ मेगाबिट चढायला हवेत, आणि हाताशी त्याच्या दुप्पट, ६ तरी असावेत. तासाला साधारण दीड जीबी जातो, त्यामुळे मोबाइलच्या नेटवर करायची वेळ आली तर सिममध्ये डेटा किती आहे ते बघून ठेवा. ओबीएसमध्ये बिटरेट "सीबीआर" (म्हणजे कायम एकसारखा) आणि कीफ्रेमचं अंतर २ सेकंद, एवढं केलंत की पुरे. १०८० च्या मागे लागू नका. दुकानात काउंटरवर पाच-सहा इंची फोनवर बघणाऱ्याला त्याने काही फरक पडत नाही.

वायफायवर करू नका. पत्र्याच्या आणि लोखंडी कैच्यांच्या शेडमध्ये ते कधी दगा देईल सांगता येत नाही. लॅन केबल ओढा. लाइव्हच्या वेळी ऑफिसमधले बाकीचे संगणक काय वर चढवत आहेत तेही बघा. सीसीटीव्हीचं क्लाउडवर जाणारं रेकॉर्डिंग आणि अकाउंट्सचा आपोआप होणारा बॅकअप, हे दोन्ही गुपचूप अपलोड खातात.

राउटरला यूपीएस लावला की आपण निश्चिंत होतो, पण शेजारच्या फायबरच्या डबीचा ॲडॉप्टर बहुतेक वेळा वेगळ्या प्लगवर असतो. वीज गेल्यावर राउटर चालू आणि नेट बंद, असं आमच्याकडे दोनदा झालं. दोन्ही यूपीएसवर घ्या आणि मेन स्विच खरोखर पाडून बघा.

५. आवाज: इथे सगळ्यात जास्त वेळ द्या

चित्र थोडं धूसर असलं तर माणूस सांभाळून घेतो, पण ऐकू आलं नाही की दोन मिनिटांत निघून जातो. त्यात आपला डीलर एका कानाने आपल्याला आणि दुसऱ्या कानाने गिऱ्हाइकाला ऐकत असतो.

लॅपटॉपचा किंवा वेबकॅमचा माइक वापरू नका. तो खोली ऐकतो, माणूस नाही. माइक बोलणाऱ्याच्या हनुवटीपासून वीतभर खाली, शर्टाच्या पट्टीवर लावा. खिशाला लावला तर पेन आणि ओळखपत्र घासल्याचा आवाज येत राहतो. साडीच्या पदरावर लावणार असाल तर पदर आधी पिनेने पक्का करा. वायरच्या बऱ्याच माइकना मध्ये एक छोटी डबी असते. तिच्यावर एका बाजूला स्मार्टफोन आणि दुसऱ्या बाजूला कॅमेरा असं लिहिलेलं असतं. बटण चुकीच्या बाजूला राहिलं तर आवाज येत नाही किंवा अगदी दबका येतो. त्या डबीत बटणासारखा सेल असतो, तोही नवा टाकून घ्या.

ओबीएसमध्ये आवाजाची पट्टी हलताना दिसते. साध्या बोलण्यात ती पिवळ्या भागात पोचली पाहिजे. सारखी लाल भागात जात असेल तर आवाज फाटतो, हिरव्यातच राहिली तर तिकडे फोन कानाला लावून ऐकावं लागतं. बोलणारे साहेब तालमीत हळू बोलतात आणि प्रत्यक्षात आवाज चढवतात, म्हणून थोडी जागा सोडा.

आता जागेचं. शेडमध्ये कॉम्प्रेसर, प्रेस, टेम्पोचा रिव्हर्स हॉर्न आणि पावसाळ्यात पत्रा. त्या जुलैनंतर आम्ही बोलण्याचा भाग स्लॅबखालच्या स्टोअरमध्ये हलवला. तिथे नुसत्या भिंतींमुळे आवाज घुमायचा, म्हणून पॅकिंगचे खोके भिंतीला रचले आणि टेबलावर सतरंजी घातली. घुमणं बंद झालं. पंखा माइकच्या समोर नको. मशीनवरचा भाग दाखवायचाच असेल तर तो आदल्या दिवशी रेकॉर्ड करा आणि लाइव्हमध्ये लावून त्यावर बोला.

सिनेमातलं गाणं सुरुवातीला लावायचा मोह टाळा. हक्कांच्या कारणाने लाइव्ह मध्येच थांबवलं जाऊ शकतं आणि रेकॉर्डिंगवरही दावा लागतो. यूट्यूबच्याच ऑडिओ लायब्ररीत मोफत संगीत आहे, ते घ्या.

६. चित्र

आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची. वेबकॅम ६० वर बसवलेला असेल तर ट्यूबलाइटखाली चित्रात आडवे पट्टे सरकतात. वेबकॅमच्या सेटिंगमध्ये ५० हर्ट्झ निवडा, पट्टे जातात. खिडकी बोलणाऱ्याच्या पाठीशी नको, समोर असू द्या.

पडद्यावर मजकूर दाखवत असाल तर एका पानावर चार ओळी, ठसठशीत अक्षरात. तिकडे नेट कमी असेल तर चित्र २४० पिक्सेलवर उतरतं आणि तुमचं एक्सेलचं कोष्टक म्हणजे नुसते राखाडी ठिपके होतात. पूर्ण स्क्रीन शेअर करू नका, फक्त त्या पानाची खिडकी करा, आणि व्हॉट्सॲप वेब बंद करा. ओळखीच्या एका कारखानदारांच्या लाइव्हमध्ये थकलेल्या उधारीचा निरोप सगळ्यांसमोर झळकला. ज्यांची उधारी होती तेही बघत होते.

वस्तू दाखवायची असेल तर दुसरा कॅमेरा वरून लावा. आमच्या फिल्टरच्या झाकणातून पाणी गळतं अशी तक्रार बऱ्याच गावांतून यायची. झाकण बदलून दिलं तरी तीच तक्रार. मग साहेबांनी लाइव्हमध्ये फिल्टर उघडला. आत काळी रबरी रिंग, खाली राखाडी टेबल, काही दिसेना. मी खाली पिवळं फाइल कव्हर सरकवलं. त्यांनी रिंग बोटाने हळूच उचलली, एका जागी तिला बारीकसा पीळ पडला होता तो दाखवला, पीळ काढला, बोटाला पाणी लावून ती खाचेत गोल फिरवत बसवली आणि झाकण हाताने आवळलं. पाना लावला नाही. तेवढ्यात सांगोल्याहून कॉमेंट आली, "आम्ही तर पान्यानेच आवळतो." गळतीचं कारण तिथे सापडलं. हेच आम्ही आधी दोनदा पत्रकात छापलं होतं. वस्तूखाली उलट रंगाचा कागद ठेवा, घड्याळ-अंगठ्या काढा, आणि हात कॅमेऱ्याच्या आड न येता बाजूने आणायची सवय करा.

७. वार आणि वेळ

भोसरी-पिंपरी पट्ट्यात गुरुवारी सुट्टी. शेड शांत असतं म्हणून लाइव्हला तोच वार बरा वाटतो, पण देखभालीसाठी वीज बंद ठेवतात तीही बहुधा गुरुवारीच. महावितरणचा संदेश आलाय का ते बघा, आणि बॅकअप पुरेसा नसेल तर दुसरा वार घ्या.

त्याहून महत्त्वाचं म्हणजे तिकडची सोय. डीलरच्या गावचा आठवडे बाजार कधी ते विचारा. पहिला पाऊस झाला की कृषी सेवा केंद्रात उभं राहायला जागा नसते, त्या पंधरवड्यात काही ठेवू नका. पालख्या पुण्यात असतात ते दिवस आणि विसर्जनाचा दिवस सोडा. आमच्याकडे दुपारी अडीचची वेळ सोयीची ठरली. तुमची वेळ तुम्ही पाच-सहा जणांना फोन करून ठरवा.

नोंदणीचा फॉर्म ठेवलात तर नाव, दुकान, गाव, मोबाइल एवढंच मागा, आणि नंबर कशासाठी वापरणार ते फॉर्मवरच लिहा. व्यक्तिगत डेटाच्या संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये झालेला आहे. त्याच कामासाठी वापरा, दुसऱ्या कोणाला देऊ नका.

८. रंगीत तालीम

आदल्या दिवशी, त्याच जागी, त्याच वेळी, त्याच माणसांनी. वेगळं प्रायव्हेट लाइव्ह लावून वीस मिनिटं खरंखुरं करा. एका माणसाला गेटबाहेर पाठवा आणि मोबाइल डेटावर ऐकायला सांगा. आपल्या वायफायवर बसून "छान येतंय" म्हणण्याला अर्थ नाही. मग मुद्दाम नेटची केबल काढा आणि फोनचं नेट यूएसबीने जोडून परत येईपर्यंत किती वेळ लागतो ते मोजा. आम्हाला पहिल्यांदा चार मिनिटं लागली होती, आता पाऊण मिनिट लागतं. विंडोजचे अपडेट त्याच दिवशी उरकून घ्या.

९. प्रत्यक्ष लाइव्ह

तीन माणसं हवीतच: एक बोलणारं, एक लॅपटॉपवर, एक कॉमेंटवर. कॉमेंटवाल्याने इयरफोन लावून बाहेरचं, म्हणजे लोकांना जे मिळतंय ते ऐकायचं, आणि काही बिघडलं तर कागद उंच धरायचा. आमच्याकडे लाल कागद म्हणजे आवाज नाही, पिवळा म्हणजे हळू बोला.

ठरलेल्या वेळेच्या पाच मिनिटं आधी पाटी आणि संगीत सुरू करा. वेळ झाली की सुरू करा, उशिरा येणाऱ्यांसाठी थांबू नका.

तुम्ही बोललेलं तिकडे पोचायला वीसेक सेकंद लागतात. "काही प्रश्न?" असं विचारून दहा सेकंद वाट पाहिली आणि "प्रश्न नाहीत, धन्यवाद" म्हणून बंद केलं, तर त्याच क्षणी तिकडे माणूस टाइप करायला लागलेला असतो. प्रश्न मागितल्यावर दीड-दोन मिनिटं पुरेल असं काहीतरी सांगायला तयार ठेवा. प्रश्न वाचताना गावाचं नाव घ्या. "पंढरपूरहून विचारलंय" म्हटलं की पंढरपूरची बाकी माणसंही सरसावून बसतात. ज्यांना टाइप करणं जड जातं त्यांच्यासाठी एक व्हॉट्सॲप नंबर द्या, व्हॉइस मेसेज चालेल असं सांगा. आमच्याकडे खरे प्रश्न त्यातूनच जास्त येतात.

नेट गेलंच तर डीलरच्या ग्रुपवर लगेच एक ओळ टाका: "दोन मिनिटांत परत येतोय, लिंक तीच." हा मजकूर आधीच लिहून ठेवा.

१०. संपल्यावर

ओबीएसमध्ये थांबवलं तरी यूट्यूबवर "एंड स्ट्रीम" वेगळं दाबावं लागतं. ते दाबल्याची खात्री होईपर्यंत कोणी माइकजवळ बोलायचं नाही. बारा तासांच्या आतलं लाइव्ह आपोआप साठवलं जातं. सुरुवातीचं रिकामं संगीत ठेवू नका, छाटा. वर्णनात वेळा लिहा: ०:०० पासून सुरुवात करून किमान तीन टप्पे दिले की लोकांना हवा तो भाग सापडतो. फक्त या वेळा इंग्रजी आकड्यांत टाइप करा. "फिल्टरची रिंग" हा आमचा तीन मिनिटांचा तुकडा वेगळा काढून आम्ही व्हॉट्सॲपवर पाठवला, तो आता डीलर थेट शेतकऱ्याला दाखवतात.

राहिलेले प्रश्न वहीत उतरवा, प्रत्येकासमोर गाव आणि नंबर. दुसऱ्या दिवशी दुकानं उघडली की, गर्दी व्हायच्या आत, एकेकाला फोन लावा.